पाचामुखी टँकर

हैदराबादच्या हिमायतनगरात एकट्यादुकट्याचं भांडण आता कोणी मनावर घेत नाही. पूर्वी लिबर्टीच्या चौकात दोन स्कूटरी घासल्या तर दोघं भांडायचे, तिसरा ‘जाने दो भाई’ म्हणायचा आणि प्रकरण इराणी चहावर मिटायचं. तो तिसरा माणूस आता व्हिडिओ काढतो.

आमच्या इमारतीने तर या बाबतीत फारच प्रगती केली आहे. मेमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेआठला जमिनीखालच्या टाकीच्या झाकणावर कोणाची तरी ॲक्टिव्हा उभी होती आणि फाटकात पाण्याचा टँकर भोंगा वाजवत होता. ‘तीनशे दोन’ने (आमच्याकडे माणसांना नावं नसतात, फ्लॅटचे नंबर असतात) गॅलरीतूनच फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ: ‘ये किसकी गाडी है, शरम नक्को क्या?’ ‘चारशे एक’ने रागाने लाल झालेले सहा चेहरे पाठवले. ‘दोनशे तीन’ने निकालच देऊन टाकला: गाडी ‘एकशे चार’मधल्या बॅचलर पोरांची. पुरावा? ती बॅचलर आहेत. मग चौथ्याने मागचा सगळा हिशेब काढला. रात्री दीडला मागवलेली बिर्याणी, लिफ्टमधला तिचा वास, आणि संक्रांतीला कोणाच्या तरी गेलेल्या चपला. पाचवा आवाज न्यू जर्सीहून आला. तिथे रात्रीचे अकरा वाजलेले, पण या गृहस्थांना इथल्या पाण्याची काळजी. पोरांना महिन्याभरात खोली खाली करायला लावा, म्हणाले.

पाचामुखी परमेश्वर बोलला. आता आणखी काय चौकशी करायची?

पाचाचं हे माहात्म्य कायद्यालाही ठाऊक आहे. वाईट हेतूने पाच जण जमले की तो बेकायदा जमाव. 2024 साली लागू झालेल्या न्याय संहितेत, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी वेगळं कलम आहे. आणि जुलै 2018 मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा घातली.

ती मर्यादा उगाच आली नव्हती. त्याच महिन्याच्या 13 तारखेला हैदराबादचे काही तरुण बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यात गेले होते. वाटेत शाळेच्या पोरांना त्यांनी चॉकलेटं वाटली. ‘मुलं पळवणारे आलेत’ हा निरोप त्यांच्या गाडीच्या पुढे धावला आणि मुर्की गावात लोक रस्ता अडवून उभे राहिले. एक इंजिनियर मारला गेला, सोबतचे जबर जखमी झाले, सोडवायला गेलेल्या पोलिसांनीही मार खाल्ला. त्याआधी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं होतं.

आमच्या ग्रुपचा असल्या गोष्टींशी अर्थातच काही संबंध नाही. आमच्यात दोन सीए आहेत.

(जमाव म्हटला की वाईटच, असंही नाही. 1908 च्या मुशीच्या पुरात याच शहरात अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. फांदीवर ॲडमिन कोण होता, याची नोंद नाही.)

तर टँकर. पहिल्या मजल्यावरच्या बाई गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या ग्रुपवर नाहीत, कारण त्यांच्या फोनला बटणं आहेत. भोंगा ऐकून त्या खाली उतरल्या. वॉचमनला हाक मारली, गाडीचं हँडल हलवून पाहिलं, लॉक नव्हतं. दोघांनी मिळून ती भिंतीकडे सरकवली आणि टँकरवाल्याला पाइप सोडायला सांगितला. डोळे चोळत बाहेर आलेल्या ‘एकशे चार’च्या पोराला बाईंनी विचारलं, “गाडी तुझी का रे?” तो म्हणाला, “नै आंटी, हमारी तो पंक्चर है, वो कोने में.” बाईंनी त्याला पाइप धरायला लावला.

ग्रुपवर मात्र टँकर रिकामा होऊन गेल्यावरही तासभर पाणी अडलेलंच होतं. त्याच पाण्याने अंघोळ उरकून काही सभासद नव्या जोमाने चर्चेत परतले.

आता ठपका बाईंवर आहे. दुसऱ्याच्या वाहनाला विनापरवानगी हात लावला, ही एक बाब. चर्चा चालू असताना प्रश्न परस्पर सोडवला, ही त्याहून गंभीर. जाब विचारायचा तर त्यांचं दार वाजवावं लागेल, आणि एकट्याने जायला कोणी तयार होईना. तेव्हा पाच जणांची समिती नेमली आहे. ती रविवारी जाईल.

बाईंनी वॉचमनबरोबर उलट निरोप धाडला आहे: पाच कप चहा टाकते, साखर कोणाकोणाला चालत नाही तेवढं आधी कळवा.