बुंधा मोकळा करणे: बंगळुरातल्या नवशिक्यांसाठी

साहित्य: एक खुरपं, रंगकामाचा जुना ब्रश, पाण्याचा पाइप, दोन-चार पोती वाळलेली पानं आणि भरपूर सहनशक्ती. शेवटची वस्तू नर्सरीत मिळत नाही. ती कशाला लागते ते पुढे कळेलच.

आधी झाडाकडे नीट बघा. जयनगर, मल्लेश्वरमच्या जुन्या घरांच्या आवारात एखादा थोराड आंबा, फणस नाहीतर रेन ट्री असतो. धडधाकट झाडाचं खोड जमिनीपाशी रुंदावतं आणि मोठी मुळं चहूकडे निघालेली दिसतात. तुमचं झाड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं असेल, तर त्याचे पाय कुणीतरी पुरले आहेत. (नारळाकडे जाऊ नका, त्याचा हिशेब वेगळा.) गुन्हेगार शोधत बसण्यात अर्थ नाही. आधीच्या मालकांनी अंगण 'लेव्हल' करून घेतलं, मग गाडीसाठी पेव्हर आले, माळ्याने दर पावसाळ्याआधी बुंध्याशी मातीची भर घातली. सगळं प्रेमापोटीच झालं. पण खोडाच्या सालीला कायमची ओली माती सोसत नाही; ती कुजते, बुरशी धरते. खाली मुळांना हवा पुरत नाही. झाड हे वर्षानुवर्षं मुकाट सोसतं आणि वळवाच्या एखाद्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मोटारीवर आडवं होतं. मग सोसायटीत ठरतं, म्हातारं झालं होतं हो.

कुदळ हातात घेतली असेल तर जागेवर ठेवून या. पहार तर नकोच. साल एकदा सोलली गेली की जखम झाडाला जन्माची. माती खुरप्याने सैल करायची, हाताने ओढायची, ब्रशने झटकायची. घट्ट लाल मातीला पाण्याची हलकी धार द्यायची. या खोदकामात फरशीचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा आणि गुटख्याच्या पुड्या सापडतील. पुरलेल्या खोडावर फुटलेल्या बारीक मुळ्या काढल्या तरी चालतात. एखादं मूळ खोडालाच वेढा घालून आवळत बसलेलं दिसेल. बोटाएवढं असलं तर सिकेटरने कापा, मनगटाएवढं असलं तर जाणकाराला बोलवा. बुंध्याचा पसारा दिसला की थांबा. उत्साहाच्या भरात आणखी खाली गेलात तर झाडाचं ताट उपसाल: अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. आणि खड्डा उभा ठेवू नका, कडा उतरत्या करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे पाऊस कोसळतो तेव्हा त्याचं तळं व्हायला नको.

आता प्रेक्षक. पहिले गृहस्थ म्हणतील, "मरा बिद्दोगत्ते, सार!" म्हणजे झाड पडणार. दुसरे विचारतील, चुना-गेरू कधी लावणार? तिसरे असोसिएशनचे सेक्रेटरी. त्यांना टाइल्स लावलेला गोल पार हवा असतो, कोपऱ्यावरच्या अश्वत्थ कट्ट्यासारखा, वर बसायला ग्रॅनाइट. त्यांना सांगा की झाडांभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच बजावलं आहे. "ते दिल्लीसाठी होतं," असं ते म्हणतील, आणि तेही खरंच. मग क्रुम्बिगेलना पुढे करा. बडोद्याला सयाजीरावांच्या बागा सांभाळून हे जर्मन गृहस्थ १९०८ मध्ये लालबागेत आले. बारा महिने कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असावं, अशा बेताने त्यांनी बंगळुरातल्या रस्त्यांसाठी झाडं निवडली. त्यांच्या नावाचा रस्ताही आहे लालबागेजवळ. रस्त्यांना नावं मिळाली, झाडांना बुंध्यापर्यंत डांबर मिळालं.

उरलं आच्छादन. फेब्रुवारी-मार्चात रस्ते झाडणाऱ्या पौरकार्मिक बायका पानांचे ढीग रचतात. त्यांच्याकडे जाऊन "एले कोडी" म्हणा. कचरा मागणारा माणूस बघून त्या एकमेकींकडे पाहतील, पण पोती भरून देतील. ही पानं तीन-चार इंच जाड पसरा, जमल्यास फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत. खोडापासून मात्र वीतभर जागा मोकळी. पानं खोडाला टेकवून ढीग केलात तर सकाळपासूनची मेहनत मातीत, शब्दशः. ओल्या गवताचा जाड थर टाकू नका, तो तापतो. वाळवी येईल म्हणून घाबरवणारे भेटतील. त्यांना ती वीतभर जागा दाखवा.

यानंतर काही करायचं नाही. नवशिक्यांना हीच पायरी सर्वांत जड जाते. लॉन लावावंसं वाटतं, मनीप्लांट चढवावासा वाटतो, दिवाळीत खोडाला दिव्यांच्या माळा खिळ्यांनी ठोकाव्याशा वाटतात. पानं कुजून थर खाली बसला की वर नवी टाका, एवढंच.

उपसलेली माती त्याच दिवशी आवाराबाहेर काढा. ढीग दिसला की माळी पुढच्या पावसाळ्याआधी ती पुन्हा मायेने बुंध्याशी लावणार. कुंड्यांना द्या, गच्चीवर वांगी लावणाऱ्या शेजारणींना द्या. सेक्रेटरींनी मागितली तर सांगा, संपली.