मुक्काम पोस्ट आयनांबर

दिगूमामा पुण्यात असतो तेव्हा न्यूजर्सीत असतो आणि न्यूजर्सीत असतो तेव्हा पुण्यात. देह कुठेही असो, जीव कायम दुसऱ्या टोकाला टांगलेला. असे मामा हल्ली घरोघरी आहेत. आमच्या मामाने त्या टांगलेपणाला अँटेना लावला, एवढाच फरक.

मामा हॅम आहे. म्हणजे हौशी रेडिओचालक. रीतसर परीक्षा देऊन, सरकारचा परवाना घेऊन, स्वतःच्या घरातल्या यंत्रावरून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलणारा. बोलायचं काय? तुझा आवाज मला कसा येतो आणि माझा तुला कसा येतो, एवढंच. राजकारण, धर्म, पैसा असल्या विषयांना या जमातीत फाटा. त्यामुळे मामाची जगभर मैत्री आहे आणि आमच्या घरात कुणाशी धड बोलणं नाही.

हे वेड पुण्यातलं. इंजिनियरिंगला असताना त्याने मोर्सची कट्टकडकट्ट पाठ केली, परवाना मिळवला आणि सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या गच्चीवर आडवी तार बांधली. आजीने त्या तारेवर एकदा ओली गोधडी वाळत घातली. त्या संध्याकाळी मामाचा आवाज इंदूरच्या पुढे गेला नाही. गोधडीचं पाप आजीच्या माथी आजही आहे.

पुढे नोकरी, अमेरिका, न्यूजर्सीत घर. घर बघायला गेल्यावर बाकीचे लोक स्वयंपाकघर बघतात, शाळा बघतात. मामाने होकायंत्र काढून परसात गोल फिरून घेतलं. तिथून पुणं साडेबारा हजार किलोमीटर आणि पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट पूर्वेकडून जात नाही, ईशान्येकडून जाते. आर्क्टिकच्या उंबऱ्याला शिवून खाली उतरते. ईशान्येला झाड नाही, उंच इमारत नाही, हे बघून मामाने घर पसंत केलं. वास्तुशास्त्राप्रमाणे देवघर ईशान्येला हवं म्हणून मामीनेही तेच घर पसंत केलं. नवरा-बायकोचं एकमत झाल्याची कुटुंबाच्या इतिहासातली ही ठळक नोंद आहे, आणि ते कारणं न सांगता झालं म्हणूनच झालं.

पुण्याहून पाहुणे गेले की त्यांना नायगरा बघायचा असतो. मामा त्यांना आधी वॉल टाउनशिपला कॅम्प इव्हान्सला नेतो. १० जानेवारी १९४६ ला तिथून अमेरिकी सैन्याच्या शास्त्रज्ञांनी चंद्रावर रेडिओलहरी सोडल्या आणि अडीच सेकंदांनी चंद्राने त्या परत केल्या. मामा तिथे उभं राहून घड्याळात अडीच सेकंद मोजून दाखवतो. पाहुणे चंद्राकडे बघतात. भर दुपारी चंद्र काही दिसत नाही. मग सगळे गाडीत बसतात.

निवृत्तीनंतर मामाने नियम केला की थंडी पुण्यात काढायची. नातवंडं सांभाळायची असल्यामुळे मामीने तिकडेच राहायचं. सगळं ठरलं, पण यंत्राचं काय? यंत्र तळघरात, अँटेना परसात आणि मामा पुण्यात, ही ताटातूट त्याला सोसणारी नव्हती. म्हणून त्याने आख्खं स्टेशनच पुण्यातून चालवायची सोय केली.

ती सोय समजावून सांगायला तो कागद घेतो आणि आपण उठायचं निमित्त शोधतो. थोडक्यात ती अशी: रेडिओ एका छोट्या कॉम्प्युटरला जोडलेला. तो कॉम्प्युटर इंटरनेटवरून मामाच्या पुण्यातल्या लॅपटॉपशी बोलतो. मामा इथे बटण फिरवतो, तिथे फ्रिक्वेन्सी बदलते. इथे आकडा टाकतो, तिथे परसातला टॉवरवरचा अँटेना कुरकुरत ईशान्येकडे वळतो. वादळ येणार असं हवामानखातं म्हणालं की अँटेनाची केबल आपोआप यंत्रापासून सुटते, म्हणजे वीज पडली तरी तळघरात उतरू नये. कॉम्प्युटर गोठला तर त्याच्यावर नजर ठेवणारं दुसरं यंत्र त्याला बंद करून चालू करतं. ते दुसरं यंत्र गोठलं तर भिंतीतला स्मार्ट प्लग त्याचा वीजपुरवठा तोडून पुन्हा जोडतो. आणि स्मार्ट प्लगच रुसला तर?

“तर मामी,” असं मामा अत्यंत सहजपणे सांगतो.

या सगळ्या स्वयंचलित यंत्रणेचा शेवटचा भाग म्हणजे नऊवारीपासून पार्कापर्यंतचा प्रवास केलेली, गुडघे दुखणारी, पहाटे साडेचारला फोन वाजल्यावर “आता काय?” म्हणणारी आमची मामी. “अगं, तळघरात जा. डावीकडे काळा डबा आहे. त्याची वायर काढ. दहा आकडे मोज. परत लाव.” मामी दहा मोजत नाही. ती रामरक्षेचा एक श्लोक म्हणते आणि वायर लावते. यंत्र चालू होतं. इतक्या वर्षांत मामाच्या एकाही उपकरणाने मामीचं ऐकलं नाही असं झालेलं नाही. मामाच्या बाबतीत हे म्हणता येत नाही.

कायद्याच्या बाबतीत मात्र मामा सोवळा आहे. दुरून चालवायच्या हौशी स्टेशनसाठी अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाचे नियम आहेत आणि ते मामाला अथर्वशीर्षासारखे पाठ आहेत. एक: नियंत्रणाची जोडणी बिघडली, तर स्टेशनने जास्तीत जास्त तीन मिनिटांत गप्प बसलं पाहिजे, अशी तजवीज हवी. म्हणजे इकडे पुण्यात वीज गेली आणि तिकडे बटण दाबलेलंच राहिलं, तर मामाचं यंत्र अमर्याद काळ आकाश अडवून बसायला नको. मामीला हा कायदा फार आवडला. तो घरातही लागू करता येईल का, असं तिने विचारलं. दोन: स्टेशनजवळ दिसेल अशा जागी परवान्याची प्रत आणि एक चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर परवानाधारकाचं आणि निदान एका नेमलेल्या नियंत्रकाचं नाव, पत्ता, फोन. नियंत्रक म्हणून मामाने आधी फक्त स्वतःचं नाव लिहिलं. तेवढं कायद्याला पुरेसं होतं. पण आपण साडेबारा हजार किलोमीटरवर, आणि चिठ्ठीवर फोन मात्र आपलाच, ही गोष्ट मामालाच खटकली. म्हणून त्याने मामीला परीक्षेला बसवलं.

पहिल्या पायरीचा परवाना. पस्तीस प्रश्न, सव्वीस बरोबर आले की पास. शिवाय २००७ पासून अमेरिकेत मोर्सची अटही नाही, याचं मामाला आजही वाईट वाटतं. मामीने नातवाला झोपवताना प्रश्नसंच वाचला आणि परीक्षा देऊन आली. किती मिळाले ते मामा सांगत नाही, त्यावरून त्याच्यापेक्षा जास्तच मिळाले असणार. चिठ्ठीवर नाव चढलं. मामाने खूश होऊन तिला हातात मावणारा छोटा वॉकीटॉकी घेऊन दिला. “याने फार लांब जाता येत नाही, आसपासच्या गावांत बोलायला ठीक,” तो म्हणाला. ही बाब तूर्त लक्षात ठेवावी.

आता पुण्यातला दिनक्रम. थंडीत संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्यात सूर्य बुडायला येतो, तेव्हा न्यूजर्सीत सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि तिकडे तोच सूर्य नुकता उगवत असतो. दोन्ही टोकांना अशी संधिवेळ असली की आकाशातला आयनांबराचा थर रेडिओलहरींना हात देतो, असं मामा म्हणतो. त्या वेळी दिवेलागणीला कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. वीस मीटरच्या पट्ट्यावर कानाला हेडफोन लावून तो बसतो आणि कोथरूड शोधतो.

होय, कोथरूडच. कॉलेजपासूनचा त्याचा एक मित्र तिथे राहतो, तोही हॅम. मामा सदाशिव पेठेत माइकमध्ये बोलतो. ते बोलणं समुद्राखालच्या केबलमधून न्यूजर्सीच्या तळघरात जातं. तिथून शंभर वॅटचं बळ घेऊन अँटेनावर चढतं, आकाशाला धडकतं, जमिनीवर आपटतं, पुन्हा आकाशाला धडकतं, असं उड्या मारत आर्क्टिकच्या बाजूने येऊन कोथरूडच्या गच्चीवर उतरतं. मित्र म्हणतो, “फाइव्ह सेव्हन इन पुणे.” म्हणजे आवाज स्पष्ट, जोर बऱ्यापैकी. ते उत्तर त्याच वाटेने उलटं परत येतं. मामाचा चेहरा उजळतो. मधे अंतर एका रिक्षाचं.

“हे फोनवर बोलता आलं नसतं का?” मी एकदा विचारलं.

“फोनवर बोलायला आमच्याकडे आहे काय?” मामा म्हणाला.

हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी दोघं अमृततुल्यात समोरासमोर बसतात आणि मुकाट चहा पितात. रेडिओवर भेट झाली की साक्षीचं म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवायची या जमातीत चाल आहे. मित्राच्या खिशात मामाच्या नावाचं कार्ड तयार असतं. तो ते हातात देत नाही. स्टेशन न्यूजर्सीत आहे, कार्ड न्यूजर्सीलाच गेलं पाहिजे. ते तिकीट लावून तिकडे जातं, मामी ते उघडते आणि फोटो काढून पुण्याला पाठवते.

मामाच्या यादीत जगातले ३४० प्रदेश आहेत. देश, बेटं, खडक, अशी ती अमेरिकन संघटनेने केलेली यादी. त्यांतल्या मूठभरांशी बोलणं राहिलंय. उत्तर कोरिया राहिलाय म्हणून मामा उसासे टाकतो. घरातला सख्खा भाऊ गेली काही वर्षं बोलत नाही, त्याबद्दल उसासा ऐकलेला नाही. तो यादीत नाही.

मधल्या काळात मामाच्या आयुष्यात एफटीएट आलं. २०१७ सालची गोष्ट. जो टेलर हे त्याच्या निर्मात्यांपैकी एक. प्रिन्स्टनचे निवृत्त प्राध्यापक, १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी आणि स्वतः हॅम. “आमच्या जर्सीतलेच,” असं मामा शेजारच्या बिऱ्हाडातल्यांबद्दल बोलावं तसं सांगतो. या एफटीएटमध्ये माणूस बोलतच नाही. कॉम्प्युटर पंधरा सेकंद पाठवतो, पंधरा सेकंद ऐकतो. कानाला नुसती खरखर ऐकू येत असते, तिच्यातून तो समोरच्याचं नाव-गाव हुडकून काढतो. सुरुवातीला मामा यावर थुंकला. “हे काय संभाषण? दोन कॉम्प्युटर एकमेकांना नमस्कार करतात आणि निघून जातात.” मग त्याच्या लक्षात आलं की आपणही आयुष्यभर हेच केलं. आता तो जेवताना लॅपटॉप शेजारी ठेवतो. माणूस जागा आहे ना, हे त्या प्रोग्रॅमला दर काही मिनिटांनी पटवावं लागतं. म्हणून आमटी वाढताना मामाचा डावा हात अधूनमधून माउसकडे जातो. मामा जागा असल्याचा आमच्याकडचा हा एकमेव पुरावा.

या दूरस्थ कारभाराचा एक सामाजिक फायदाही झाला. इतक्या लांबून बोलताना आवाज पोचायला क्षणभर लागतो. त्यामुळे समोरच्याचं वाक्य संपलं की मामा जरा थांबतो, मग बोलतो. ही सवय त्याला प्रत्यक्षातही जडली. लग्नाच्या बैठकीत, सोसायटीच्या सभेत तो प्रत्येकाच्या वाक्यानंतर गप्प राहतो. लोक म्हणतात, किती समंजस गृहस्थ, पूर्ण ऐकून घेतो.

वसंत ऋतूत मामा न्यूजर्सीला परततो आणि लगेच पुण्यात राहायला येतो. पेठेतल्या बंद फ्लॅटमध्ये त्याने कॅमेरे बसवलेत. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर आहे. कॉर्पोरेशनचं पाणी आलं की आधी न्यूजर्सीत घंटा वाजते. आणि तिकडची ती चढती साखळी इकडेही आहे: सेन्सर बिघडला तर कॅमेरा, कॅमेरा बिघडला तर प्लग, आणि प्लग बिघडला तर मी. “अरे, जरा जाऊन ये. दाराशी काळा डबा आहे. वायर काढ, दहा आकडे मोज.” मी रामरक्षा म्हणत नाही, त्यामुळे मला दोनदा जावं लागतं.

गेल्या थंडीत न्यूजर्सीत बर्फाचं वादळ आलं. अँटेनावर बर्फाचा थर बसला, एक दांडी वाकली, अँटेना वळवणारा रोटेटर अडकला. मामा इकडे लॅपटॉपवर आकडा टाकतोय आणि तिकडे अँटेना कॅनडाकडे तोंड करून ठार बसलेला. यंत्राने यंत्राला उठवलं, प्लगने प्लगला, शेवटी मामीला फोन. वायर काढून, श्लोक म्हणून झालं. या खेपेला रामाचाही इलाज नव्हता.

“मी बघते,” मामी म्हणाली.

तेव्हा मला कळलं की तो छोटा वॉकीटॉकी मामीने कपाटात ठेवलेला नाही. गावाजवळच्या टेकडीवर रिपीटर आहे. छोट्या रेडिओचा क्षीण आवाज तो उचलून जोराने पुढे पाठवतो. त्याच्यावरून आसपासचे हॅम आठवड्यातून एकदा हजेरी लावतात. मामीही नेमाने लावते. एका आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नातीचं कॉलेज, कुणाला फोडणीत हिंग घालून बघायची सुचवणी, सगळं तिच्याकडे आहे. मामा त्या गावात कितीतरी वर्षं राहतो, उत्तर कोरिया सोडून जगाशी बोलतो, आणि त्याला शेजारच्या गल्लीतला हॅम माहीत नव्हता. त्या मंडळींनाही मामा माहीत नव्हता. तिचा नवरा, एवढीच त्याची ओळख.

शनिवारी सकाळी चार-पाचजण शिड्या घेऊन हजर. मामा पुण्यातून परसातल्या कॅमेऱ्यावर बघत होता आणि ओरडत होता, “इन्सुलेटरला हात लावू नका!” त्याला काही ऐकू जाणार नव्हतं, कारण मामीने कामाला अडथळा नको म्हणून स्पीकर बंद केला होता. त्यांनी टॉवर आडवा केला, दांडी सरळ केली, रोटेटर मोकळा केला. केबलच्या टोकाला जुन्या कनेक्टरात पाणी शिरून गंज चढला होता. तो कुणाच्या लक्षात आला आणि त्यांनी नवा बसवला. मग सगळ्यांनी आत जाऊन पोहे खाल्ले. कॅमेरा परसात असल्यामुळे पोहे मामाला दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाने कोथरूडला हाक मारली. मित्र चकित. “फाइव्ह नाइन! अरे, काय केलंस काय?” जर्सीकडून एवढा खणखणीत आवाज त्याने आजवर ऐकला नव्हता.

मामाने सवयीप्रमाणे क्षणभर थांबून, भारदस्त आवाजात उत्तर दिलं, “काही नाही रे. सूर्यावर डाग वाढलेत.”