दहा-सव्वीस-सव्वीस

वाशी म्हणजे आपली, धाराशिवची. मॉलवाली नव्हे. इथल्या मेडिकलवर बाजाराच्या दिवशी एक म्हातारी कनवटीची चिठ्ठी काढून पुढे करते आणि विचारते, "शुगरच्या गोळ्यांचं किती झालं?" त्या गोळीत मेटफॉर्मिन आहे हे तिला ठाऊक नसते, कारण चिठ्ठीवर ते नसतेच. तिथे असते कंपनीने बारसे करून ठेवलेले नाव. तेच मेटफॉर्मिन जनऔषधी केंद्रात कितीतरी स्वस्त. पण चिठ्ठीवरच मिळणारे औषध मेडिकलवाल्याने परस्पर बदलून दिले तर तो नियमभंग. म्हणजे ठरवणार डॉक्टर, विकणार दुकानदार आणि पैसे मोजणार म्हातारी.

जगाला स्वस्त औषध कसे द्यायचे हे आपल्याला कुणी शिकवू नये. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची औषधे रुग्णामागे वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा बड्या विदेशी कंपन्या दहा हजारांच्या वर मागत होत्या. आफ्रिकेपर्यंत पोहोचलेली ही स्वस्ताई वाशीच्या चिठ्ठीपाशी येऊन अडते.

उपाय सापडला नाही असेही नाही. ब्रँडची नावे हळूहळू हटवा, असे सरकारनेच नेमलेल्या हाथी समितीने 1975 मध्येच सांगून ठेवले. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने औषधाचे मूळ नाव लिहिणे सक्तीचे केले. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या आणि सोयाबीनची पहिली कोळपणी उरकावी तेवढ्या दिवसांत नियम स्थगित!

त्यांचा सवाल होता, बिनब्रँडच्या औषधाच्या दर्जाची हमी कोण देणार? सवाल रास्त आहे. शेजारच्या अंबाजोगाईत सरकारी रुग्णालयाला बनावट गोळ्या पुरवल्याचा गुन्हा डिसेंबर 2024 मध्ये दाखल झाला. पण बनावट गोळी पकडते ती प्रयोगशाळा. ब्रँडच्या नावाला ते काम येत नाही. आणि मेडिकलमधल्या बहुतेक ब्रँडच्या गोळ्या पेटंट कधीच संपलेल्या, म्हणजे जेनेरिकच. फक्त नटवलेल्या.

आता त्याच बाजारातल्या कृषी सेवा केंद्रात डोकवा. म्हातारीचा मुलगा ऐटीत विचारतो, "दहा-सव्वीस-सव्वीस आहे का?" नत्र, स्फुरद, पालाश सगळे आकड्यांत आले, कंपनीचे नंतर बघू. ऑक्टोबर 2022 पासून तर सरकारने अनुदानित खताच्या पोत्यावर 'भारत' हे एकच नाव ठळक केले आणि कंपन्यांना उरलेल्या जागेत बसवले. कुठे आभाळ कोसळले नाही.

पोत्याला जमते ते गोळ्यांच्या पाकिटाला का जमत नाही? पोत्याचे अनुदान सरकारच्या खिशातून जाते. पाकिटाचे पैसे म्हातारीच्या कनवटीचे.