ऋणकोपंतांचं सीमोल्लंघन

परदेशी निघालेल्या माणसाच्या दोन बॅगा असतात, प्रत्येकी २३ किलोच्या. ऋणकोपंतांच्या बॅगांत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, प्रेशर कुकर आणि कागदात गुंडाळलेला चिमुकला गणपती असं सगळं बसतं. बसत नाहीत ती फक्त कर्जं. विमानतळावर आईला मिठी मारून, वडिलांच्या पाया पडून पंत जाता जाता म्हणतात, "बाबा, बँकेचं काही आलं तर नुसतं बाजूला ठेवा. मी तिथून बघतो." हे वाक्य ज्याच्या तोंडून निघालं तो ऋणकोपंत. मग तो कोथरूडचा असो, डोंबिवलीचा असो की सांगलीचा.

ऋणकोपंत लबाड नसतात, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांना कर्ज बुडवायचं नसतं. फेडायचंही नसतं. या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत ते सुखाने संसार करतात. निघताना त्यांच्या नावावर तीन कर्जं असतात. पहिलं शिक्षणाचं, राष्ट्रीयीकृत बँकेकडून काढलेलं. रक्कम साडेसात लाखांच्या पुढची, म्हणून वडिलांचा दोन खोल्यांचा फ्लॅट तारण. दुसरं क्रेडिट कार्डाचं. त्यात लॅपटॉप, थंडीची जाकिटं आणि मित्रांना दिलेली निरोपाची पार्टी. तिसरं पहिल्या नोकरीत असताना ऑफिसच्या पगारदार पतसंस्थेतून उचललेलं. फॉर्मवर कारण 'घरगुती', आणि जामीनदार म्हणून शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांची सही.

तिकडे पोचल्यावर पंतांचा कायद्याचा अभ्यास सुरू होतो. रूममेटकडून एक सिद्धान्त कानावर येतो: तीन वर्षं गप्प बसलं की कर्ज मरतं. सिद्धान्त अगदीच हवेतला नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा साध्या कर्जाचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. पण त्याच कायद्याचं कलम १८ रूममेटने वाचलेलं नसतं. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने आपलं देणं लेखी, सहीनिशी कबूल केलं, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आणि पंत पडले सुसंस्कृत घरातले! दर दिवाळीला ते कार्डाच्या बँकेला सविस्तर पत्र लिहितात: "आपली रक्कम देणे आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. सध्या थोडी ओढाताण आहे. आपणांस व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा." खाली झोकदार सही. मग स्कॅन करून पाठवतात. बँकेच्या वकिलाला दिवाळीची इतकी मनापासूनची भेट घरूनसुद्धा मिळत नसेल.

इकडे टपालखातं बाबांकडे. पाकीट न फोडता आत काय आहे हे सांगण्याची विद्या त्यांना दोन वर्षांत साधते. पहिल्या वर्षी 'प्रिय ग्राहक', मग 'स्मरणपत्र', मग 'अंतिम स्मरणपत्र', मग आणखी काही अंतिम स्मरणपत्रं, आणि शेवटी वकिलाचं 'आमचे अशिलांनी दिलेल्या माहितीवरून व अधिकारावरून'. बाबा प्रत्येक पाकिटावर आल्याची तारीख घालतात, बंडल बांधतात आणि सोफ्याच्या खणात ठेवतात. मुलाने बाजूला ठेवायला सांगितलं होतं, फोडायला नाही.

आईचा बेत याहून सोपा. "पोस्टमनला सांगा, या नावाचं इथे कुणी राहत नाही." हे ती दारात उभी राहून, डोक्यावरच्या पितळी पाटीखाली सांगते. पाटीवर चिरंजीवांचं पूर्ण नाव आणि पुढे 'एम. एस. (अमेरिका)'. पोस्टमन पाटी वाचतो, आईकडे बघतो आणि पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून निघून जातो. नकार दिलेली नोटीस कोर्ट पोचलेलीच धरतं, हे आईला कोण सांगणार? १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा तर तिने घरात शिरा केला. रजिस्टर्डच बंद म्हणजे नोटिसा बंद! पुढची नोटीस स्पीड पोस्टाने आली.

फोनचं प्रकरण वेगळं. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं. बाबांनी ते कात्रण फोनजवळ चिकटवलंय. सात वाजून पाच मिनिटांनी फोन आला की त्यांच्या आवाजाला धार येते. दिवसाचे फोन मात्र आई घेते. पलीकडचा मुलगा थकीत रक्कम सांगत असतो, ही त्याचं गाव, पगार आणि लग्न विचारत असते. एकाला तिने सर्दीवर काढा सांगितला. त्याने तो घेतला आणि बरं वाटल्याचं कळवून पुन्हा रक्कम सांगितली.

अडचण होते ती जिन्यात. शेजाऱ्यांना बाबांनी मुलाचा पगार डॉलरात सांगितलाय, आणि वसुलीवाल्याला सांगितलंय की बिचाऱ्याला अजून काम नाही. दोन्ही हकिकती एकाच मजल्यावर, एकाच खणखणीत आवाजात. समोरच्या काकू आता भेटल्या की विचारतात, "आज नोकरी आहे ना त्याला?"

पंत स्वतः तिकडे आदर्श नागरिक झालेले असतात. अमेरिकेत पतगुण ३०० ते ८५० असतात, आणि आपले साडेसातशेच्या वर आहेत हे ते प्रकृतीची चौकशी करणाऱ्यालाही सांगतात. कार्डाचं बिल तारखेआधी, ग्रंथालयाचा दंड त्याच दिवशी. रविवारी व्हिडिओ कॉलवर ते बाबांना ऐकवतात, "इथे सिस्टिम आहे, बाबा. आपल्याकडे लोकांना पैसे परत करायची सवयच नाही." बाबा सोफ्यावर बसून मान डोलावतात. खण नेमका त्यांच्याखाली असतो.

मग शिक्षणाच्या कर्जासाठी २००२ च्या सरफेसी कायद्याखालची ६० दिवसांची नोटीस येते. हे पाकीट मात्र बाबा फोडतात, कारण ते त्यांच्याच नावाचं असतं. पितळी पाटी जिथे ठोकलीय तो फ्लॅटच तारण! भविष्य निर्वाह निधीचे जे काही उरले होते ते पैसे बँकेत जातात. पंत फोनवर गहिवरतात. "मला एक शब्द आधी सांगायचं होतंत."

कार्डाच्या कर्जाला जाग येते ती पंतांना बाणेरला फ्लॅट घ्यावासा वाटतो तेव्हा. गृहकर्जासाठी बँक सिबिलचा अहवाल काढते. इथले पतगुण ३०० ते ९००, आणि पंत तळाशी. तिकडचे साडेसातशे इथे कुणी विचारत नाही. वसुलीवाला सांगतो, साठ टक्क्यांत मिटवून टाका. पंत खूश होतात. तेवढ्यात कळतं की तसं मिटवलं तर अहवालात 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' असा शेरा येतो, आणि तो पुढच्या बँकेला खुपतो. ज्या रकमेची वर्षानुवर्षं ओढाताण होती ती पंत एका रात्रीत व्याजासकट भरतात, आणि सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात: "आज भारतातल्या सर्व देण्यांतून मुक्त झालो."

त्या अहवालात पतसंस्थेचं नाव नव्हतं. पतसंस्थेकडे ना तारण, ना सिबिल. तिच्याकडे होते फक्त भाऊसाहेब. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच ठरवली आहे. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ ची भाषा काढली आणि हप्ते भाऊसाहेबांच्या पगारातून कापायला सुरुवात केली. भाऊसाहेब सभ्य माणूस. पंतांच्या घरी ते कधी गेले नाहीत. ते फक्त फेसबुकवर पंतांच्या प्रत्येक फोटोखाली लिहितात. नायगाऱ्याखाली: "सुंदर. नववा हप्ता कापला." नव्या गाडीखाली: "अभिनंदन. चौदावा." पंत प्रत्येक वेळी हात जोडल्याचं चित्र टाकतात. ज्याच्या हातात फ्लॅट होता त्याला बाबांनी दिले, ज्याच्या हातात पतगुण होते त्याला पंतांनी दिले, आणि ज्याच्या हातात फक्त ओळख होती त्याला नमस्कार मिळाला.

परवा ऑफिसातला एक नवा मुलगा पतसंस्थेचा फॉर्म घेऊन भाऊसाहेबांच्या टेबलाशी आला. सहीची जागा बोटाने दाखवत म्हणाला, "काका, नुसती फॉर्मॅलिटी आहे."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "राहतो की जामीन. पासपोर्ट काढलायस का?"

"हो काका, मागच्याच महिन्यात आला."

"छान. तो माझ्या कपाटात ठेव. शेवटचा हप्ता भरलास की घेऊन जा."