रिमोटचं गोत्र

डीव्हीडी प्लेअर सहसा मरत नाही, मरतो तो त्याचा रिमोट. प्लेअर टीव्हीखालच्या फळीवर क्रोशाचा रुमाल पांघरून वर्षानुवर्षं धडधाकट बसलेला असतो. रिमोट मात्र हातातून पडतो, गादीखाली चेंगरतो, त्याच्यावर चहा सांडतो, सेल फुटून आतल्या स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. मग घरोघरी ठरलेले उपचार सुरू होतात. सेल काढून तळहातावर चोळायचे आणि जागा बदलून परत घालायचे. रिमोट मांडीवर आपटायचा. घरात एखादा धीट माणूस असला तर तो स्क्रू काढून आतली रबराची चादर बाहेर ओढतो, तिच्यावरचे काळे ठिपके पुसतो आणि झिजलेल्या ठिपक्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवतो. तेवढ्यावर ‘प्ले’ आणखी काही दिवस चालतं. आमच्या घराण्यात कुणीच सिगारेट ओढत नाही. तरी ती चांदी दर वेळी कुठून उपलब्ध व्हायची, हे विचारायचं नसतं.

रिमोट गेला तर गेला, उठून बटण दाबावं, असं वाटेल. पण दाबणार काय? प्लेअरच्या तोंडावर फार तर तीन बटणं असतात : पॉवर, ओपन आणि प्ले. बाकी सगळा कारभार कंपनीने त्या प्लास्टिकच्या कांडीत नेऊन ठेवलाय. यंत्र घरात आणि त्याची अक्कल सोफ्याच्या फटीत, अशी ही व्यवस्था. आमच्या मामींच्या बाबतीत नेमकं हेच झालं. कुठल्याशा नातवंडाने खेळता खेळता सेटअपमध्ये शिरून चित्राची पद्धत ‘पाल’ची ‘एनटीएससी’ करून ठेवली आणि त्यानंतर आठवडाभरात रिमोटने मान टाकली. मामींचा फोन आला, “अरे, नाटक काळंपांढरं दिसायलंय. आणि सगळी माणसं खालून वर पळायलीत बघ. एक जण सुद्धा जागेवर थांबंना.”

मामी राहतात बडी चावडीला, सुलतान बाजारच्या पाठीमागे. माहेर परभणीकडचं, पण लग्न होऊन आल्यापासून सगळा जन्म हैदराबादेत गेला. त्यांच्याकडे मराठी नाटकांच्या व्हीसीडींचा मोठा डबा आहे. पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी यादी देऊन दमवलेलं होतं. पुढे 2007 साली मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर भाजीच्या पिशवीतूनसुद्धा तबकड्या घरी येऊ लागल्या. आता कुणी म्हणतं, मामी, हे सगळं मोबाइलवर फुकट दिसतं. मामींचं त्यावर उत्तर ठरलेलं आहे : मोबाइलवर मधेच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येते, आणि गुडघे दुखतायत हे त्याला कुणी सांगितलं?

व्हीसीडीत चित्र मावतं सुमारे 74 मिनिटांचं. म्हणजे तीन अंकी नाटकाला दोन नाही तर तीन तबकड्या लागतात, आणि नाटकाचा अंक संपतो तिथे तबकडी कधी संपत नाही. नायिका “मग ऐका तर” म्हणते आणि पडदा निळा होतो. मामींना याचं काही वाटत नाही. त्या तेवढ्यात कुकर लावून येतात.

तर रिमोट आणणं आलं, आणि हैदराबादच्या मराठी माणसाला असलं काही आणायचं असलं की पाय आपोआप आबिड्सकडे वळतात. रविवार होता. दुकानांची शटरं खाली, आणि फुटपाथभर जुन्या पुस्तकांचा बाजार मांडलेला. वैद्यकीच्या जाडजूड ठोकळ्यांशेजारी रहस्यकथा, त्यांच्याशेजारी कुणाची तरी बक्षीस मिळालेली डिक्शनरी. या बाजारात मी रिमोट शोधायला गेलो म्हणजे खरं तर पुस्तकं चाळायला गेलो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

या भागाला ज्याच्यावरून नाव पडलं तो आल्बर्ट आबिद हा अर्मेनियन गृहस्थ. सहावे निजाम मीर महबूब अली खान 1911 पर्यंत गादीवर होते, त्यांच्या खास खिदमतीत हा असायचा. कपडे, घड्याळं, सगळं त्याच्या ताब्यात. या निजामांचं कपड्यांचं लांबलचक दालनभर पसरलेलं दुमजली कपाट पुरानी हवेलीत अजून पाहायला मिळतं, वरच्या मजल्यावर जायला हाताने फिरवायची लाकडी लिफ्टसुद्धा आहे. अंगात एकदा घातलेला कपडा ते पुन्हा घालत नसत म्हणे. आबिदने इथे दुकान थाटलं आणि निजामांच्याच नकोशा झालेल्या वस्तू तो फिरून निजामांनाच विकायचा, अशी आख्यायिका जुने हैदराबादी मोठ्या कौतुकाने सांगतात. खरंखोटं आबिदला माहीत. पण बसल्या जागेवरून सगळं हललं पाहिजे ही हौस निजामांच्या काळात फक्त निजामांना परवडायची आणि तिला पगारी माणूस लागायचा. आज ती दीडशे रुपयांत मिळते, सेल वेगळे.

माणसाला ही हौस अमेरिकेने लावली. झेनिथ कंपनीने 1950 साली रिमोट काढला तो वायरचा, नाव ठेवलं ‘लेझी बोन्स’. म्हणजे गिऱ्हाइकाला तोंडावर आळशी म्हणून वर पैसे घेतले. 1955 साली त्याच कंपनीच्या युजीन पॉली यांनी उजेडाचा झोत टाकणारा रिमोट केला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांवर झोत टाकून चार कामं करायची. यात खोट एवढीच, की खिडकीतून ऊन आलं की चॅनेल सूर्यनारायण बदलायचे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांचा रिमोट आला. त्यात ॲल्युमिनियमच्या छोट्या कांड्यांवर हातोडी आपटायची आणि कानाला न ऐकू येणारा आवाज निघायचा. त्याला सेल लागत नसे. मामींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग तेच का नाही ठेवलं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सेल विकणाऱ्यांकडे असेल.

सोमवारी पुन्हा गेलो. जगदीश मार्केटात मोबाइलवाल्यांची एवढी दाटी, की रिमोट म्हटल्यावर तिथल्या पोरांनी मी टेलिग्राम करायला आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. एकाने कोठीच्या गुजराती गल्लीचा रस्ता दाखवला, पण दुसऱ्याला माझी दया आली आणि त्याने मागच्या बोळातलं एक दुकान सांगितलं. दुकान म्हणजे एक काउंटर आणि त्यामागे छतापासून गुडघ्यापर्यंत पॉलिथिनमध्ये घालून टांगलेले रिमोट. त्या गर्दीत बसलेला मालक बाहेरून अर्धाच दिसत होता. मी घाईघाईने प्लेअरची कंपनी, मॉडेल नंबर, घेतल्याचं साल असं सगळं लिहून नेलेलं वाचायला लागलो. त्याने हात वर केला.

“कंपनी-गिंपनी नक्को बोलो अंकल. पुराना रिमोट लाए?”

“हौ.”

“शकल दिखाओ.”

त्याने मामींचा रिमोट हातात घेऊन नाव असलेली बाजू पाहिलीसुद्धा नाही. स्वतःचा मोबाइल काढला, सेल्फीचा कॅमेरा लावला, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरलं आणि एकेक बटण दाबत गेला. चालता रिमोट असला तर पडद्यावर त्याच्या टोकाशी जांभळट ठिणगी लुकलुकते. रिमोटचा प्रकाश 940 नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्यांच्या हद्दीबाहेरचा, पण पुढच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा तो दिसतो. मामींच्या रिमोटला काही लुकलुकलं नाही. “खतम,” तो म्हणाला आणि रिमोट परत माझ्या हातात दिला, अगदी अदबीने. लर्निंग रिमोट असतात, त्यांना जुन्या रिमोटच्या तोंडाशी तोंड लावून एकेक बटण शिकवता येतं. पण त्यासाठी जुना जिवंत असावा लागतो. त्यामुळे उरला तो युनिव्हर्सल.

मग त्याने मला जे सांगितलं ते मी घरी येऊन थोडं वाचूनही पाहिलं, आणि तेव्हापासून रिमोटकडे बघायची माझी दृष्टी बदलली. आपण बटण दाबतो तेव्हा रिमोट नुसतं “थांब” किंवा “चाल” म्हणत नाही. तो आधी गोत्र सांगतो. जपानच्या एनईसी कंपनीची जी पद्धत असंख्य यंत्रांत चालते, तिच्यात सुरुवातीला 9 मिलिसेकंदांची एक लांब लकाकी, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि मग 32 खुणा. पहिल्या आठ म्हणजे पत्ता : हा निरोप कोणत्या कुळातल्या यंत्रासाठी आहे. पुढच्या आठांत तोच पत्ता उलटा करून. मग आठांत हुकूम, आणि पुन्हा तोच हुकूम उलटा. सुलट-उलट जुळलं तरच यंत्र हलणार. हे सगळं सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशात. संध्येला बसलेला बटूसुद्धा इतक्या काटेकोरपणे गोत्रोच्चार करत नसेल. फिलिप्सवाल्यांचा संप्रदाय निराळा. त्यांच्यात टीव्हीचा पत्ता शून्य, सीडी प्लेअरचा वीस, आणि उलटं म्हणायची भानगड नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. आपल्याकडे डझनावारी नावांनी जे स्वस्त प्लेअर विकले गेले, त्यांतल्या पुष्कळांची वरची पाटी तेवढी वेगळी, आत मोजक्याच दोन-चार कुळांतल्या चिनी चिपा. म्हणून तो दुकानदार कंपनीचं नाव ऐकायला तयार नव्हता. बटणांची मांडणी बघून तो कूळ ओळखत होता. ज्या नावासाठी मामींनी त्या काळी चारशे रुपये जास्त मोजले होते, ते नाव म्हणजे फक्त स्टिकर, हे मी मामींना अजून सांगितलेलं नाही.

युनिव्हर्सल रिमोटबरोबर घडी घातलेला एक कागद मिळतो. त्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कंपन्यांची नावं आणि पुढे तीन-तीन आकडी कोड. ही सोय जगाला सुचली तेव्हा चांगल्या चांगल्यांनी तीत हात घातला होता. ॲपलवाल्या स्टीव्ह वॉझनियाक यांनी 1987 साली ‘कोअर’ नावाचा सगळ्यांना चालणारा रिमोट बाजारात आणला, पण तो शिकवायला घरात जवळजवळ दुसरा वॉझनियाक लागायचा. आपल्या बाजारातल्या रिमोटचं तसं नाही. लाल दिवा लागेपर्यंत ‘सेट’ दाबून धरायचं, ‘डीव्हीडी’ दाबायचं, कोड घालायचा, दिवा विझला की जमलं.

दिवा दर वेळी विझत होता. जमत नव्हतं. पहिल्या कोडला प्लेअर ढिम्म. दुसऱ्याला ‘प्ले’ दाबल्यावर बंद झाला. तिसऱ्याला गोत्र जुळलं, पण नावं जुळेनात : ‘पॉज’ दाबलं की ट्रे बाहेर यायचा आणि ‘सेटअप’ दाबलं की आवाज गप्प व्हायचा. मामी शेंगा सोलत सगळं बघत होत्या. त्यांनी सुचवलं की ज्या बटणावर जे लिहिलंय ते न बघता नुसती सगळी बटणं दाबून काय होतं ते बघावं. इंजिनिअरला हे सुचलं असतं तर त्याने याला मोठं नाव दिलं असतं. पुढच्या एका कोडवर तसं केलं आणि ‘रिटर्न’ लिहिलेल्या बटणाने सेटअप उघडलं. पळत्या, काळ्यापांढऱ्या पडद्यावर अंदाजाने बाण हलवत ‘पाल’पर्यंत पोचलो, आणि नाटकातली माणसं एकदम आपापल्या जागी उभी राहिली. रंगीत. नायकाचा झब्बा लाल होता, हे मामी विसरूनच गेल्या होत्या.

त्याच सेटअपच्या आत खोल कुठे तरी प्रदेशाचं कुलूपही असतं. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे तुकडे पाडले, त्यात भारत पाचव्या प्रदेशात, अमेरिका पहिल्यात. मामींच्या भाच्याने न्यू जर्सीहून पाठवलेली डीव्हीडी म्हणून कधी लागली नाही. रिमोटवर काही आकडे ओळीने दाबले की पुष्कळ प्लेअरचं ते कुलूप उघडतं, हे दुकानदाराने हळू आवाजात सांगितलं होतं. मामींनी नको म्हटलं. “त्याने पाठवली ती त्याच्याच मुंजीची आहे. मी होते की तिथं.”

राहिला टीव्ही. आवाज त्याचाच, म्हणून तोही याच रिमोटला शिकवायचा होता. त्याचं नाव कागदावर नव्हतं, तेव्हा ‘ऑटो सर्च’. यात रिमोट एकापाठोपाठ एक सगळ्या कुळांना “बंद हो” म्हणत सुटतो आणि आपला टीव्ही बंद झाला की आपण त्याला थांबवायचं. अमेरिकेत मिच ऑल्टमन नावाच्या गृहस्थाने 2004 साली एवढंच एक काम करणारा रिमोट मुद्दाम काढला होता, हॉटेलांतले टीव्ही गुपचूप बंद करायला. आमचा हेतू शुद्ध होता. पण बडी चावडीच्या त्या वाड्यात मामींच्या दारासमोरच समोरच्या बिऱ्हाडाचं दार, दोन्ही दारं दिवसभर उघडी, आणि त्यांचा टीव्ही नेमका आमच्या रेषेत. आमच्या टीव्हीचं कूळ यायच्या आधी त्यांचं आलं. तेलुगू मालिकेत सासूने सुनेवर हात उगारला होता, तेवढ्यात पडदा काळा. तिकडून “अय्यो” ऐकू आलं. त्यांनी लावला, इकडे रिमोट फिरून यादीच्या त्याच जागी आला. पुन्हा “अय्यो”.

हा रिमोट सेल काढले की शिकलेलं सगळं विसरतो. प्लेअरचा कोड मामींनी कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी, ठळक अक्षरांत लिहून ठेवलाय. टीव्हीला मात्र कोड नाही, त्याला दर वेळी शोधच करावा लागतो. आता सेल बदलायला त्या मला बोलावत नाहीत. दारात उभ्या राहून समोर हाक मारतात, “काय हो, तुमची सीरियल झाली का? झाली की सांगा, मला रिमोटला शिकवायचंय.”