गाडी पाणी खाते!

फिनिक्स, अॅरिझोना

ती. बाबांना
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला लागले की दुसऱ्या वाक्याला तुम्ही "बेल्ट बघितला का?" विचारता आणि पुढचं सगळं राहून जातं. म्हणून मुद्दाम पत्र. आता मध्येच बोलायची सोय नाही.

निखिलने पिकअप ट्रक घेतलाय हे तुम्हाला माहीत आहेच. 1997 सालचा, आठ सिलिंडरचा, मागे एवढा मोठा उघडा हौदा. सामान आणायला बरा पडेल, असं जावईबापूंचं म्हणणं. आजवर त्या हौद्यातून आलेलं सगळ्यांत जड सामान म्हणजे तुळशीची कुंडी. असो.

तर हा ट्रक पाणी खाऊ लागला. रेडिएटरशेजारच्या डब्यातलं कूलंट खुणेच्या खाली जायचं, निखिल ते इमानेइतबारे भरायचा, पुन्हा खाली जायचं. जमिनीवर हिरवा डाग नाही, होजच्या क्लिपा कोरड्या, वॉटर पंपाखालच्या भोकातून थेंब नाही. मग तज्ज्ञांची रीघ लागली. शेजारच्या आजोबांनी लांबूनच निदान केलं, "हेड गॅस्केट." इथल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडता तेच सांगितलं आणि खर्चाचा आकडा दिला. तेवढ्यात आणखी एक असाच ट्रक आला असता. मी म्हटलं, गॅस्केट उडालं असतं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर आला असता, नाहीतर डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं असतं. ऑइल तर स्वच्छ होतं. पण दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये हयात घालवलेल्या माणसाची मुलगी असले म्हणून काय झालं, माझ्याकडे सर्टिफिकेट नाही ना!

अशा गाडीतून आम्ही भर जुलैत सॅन डिएगोला निघालो. मी, निखिल आणि सासूबाई, तिघं पुढच्या एकाच लांब सीटवर. बाहेर 45 अंश. आठ नंबरचा महामार्ग गिला बेंड, युमा करत एल सेंट्रोला पोचतो. ते गाव समुद्रसपाटीच्याही खाली आहे. तिथपर्यंत सपाट वाळवंट, त्यामुळे ट्रकही शहाण्यासारखा वागला. ओकोटियो गाव सुटलं की मात्र इनकोपाचा चढ लागतो आणि पुढे रस्ता थेट चार हजार फुटांवर जातो. चढाच्या तोंडाशीच सरकारी पाटी: गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा. सासूबाई म्हणाल्या, "सरकारला काय करायचंय आपल्या एसीशी?" आता एसीचं कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतं, त्याची सगळी गरमी रेडिएटरवर जाते आणि कॉम्प्रेसरचा भार इंजिनावर, हे मी त्यांना समजावेपर्यंत काटा लाल रेघेला टेकला होता.

मी एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू केला. बाबा, त्या क्षणी माझ्याकडे दोघांनी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी जन्मात विसरणार नाही! पण हीटरचा कोअर म्हणजे डॅशबोर्डामागे लपवलेला धाकटा रेडिएटरच. इंजिनातली उष्णता तो आमच्या अंगावर ओतू लागला आणि काटा थोडा खाली आला. त्याचबरोबर समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरलं आणि गोडसर वास सुटला. "काकवी सांडली का रे कोणाची?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाक तिखट आहे, हे मी आजपासून कबूल करते.

थोड्या वेळाने हीटरमधून चक्क गार वारा यायला लागला आणि काटा धाडकन खाली पडला. निखिल आनंदाने ओरडला, "झाली थंड!" सासूबाईंनी गाडीला आशीर्वाद दिला. मी तेवढ्याच जोरात ओरडले, "गाडी बाजूला घे!" तुम्ही लहानपणी सांगितलेलं आठवलं: काटा एकदम पडला तर पाणी संपलंय, सेन्सर कोरडा पडलाय. कोअरला गरम पाणीच पोचत नसेल तर हीटर तरी काय गरम करणार?

त्या चढावर रस्त्याकडेला रेडिएटरसाठी पाण्याच्या टाक्या ठेवल्या आहेत. म्हणजे तापणारे आम्ही पहिले नव्हे. निखिल फडकं घेऊन झाकण उघडायला धावला. मी फडकं काढून घेतलं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि वर 15 पौंडांचा दाब, असं मिश्रण साधारण 129 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडून दाब सोडला की तेच क्षणात उसळून तोंडावर येतं. आईच्या कुकरचं झाकण वाफेत ओढून काढण्यातलाच प्रकार. इंजिन पुरतं निवल्यावर पाणी हळूहळू ओतलं आणि हळूहळूच सॅन डिएगो गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला व्हिडिओ कॉल केला, तेव्हा तुम्हाला बॉनेटच दिसलं असेल. पण तुम्ही नेमकं विचारलंत, "एसीचं पाणी टपकतं ना, त्याला हात लावून बघितलास?" तिथेच निकाल लागला. इथे सुट्या भागांच्या दुकानात अनामत ठेवून प्रेशर टेस्टर वापरायला मिळतो. थंड इंजिनावर तो झाकणाच्या जागी बसवून 15 पौंडांपर्यंत हवा भरली. काटा हळूहळू उतरू लागला, बाहेर मात्र एक थेंब नाही. मग एसीच्या नळीखाली बोट धरलं: एसी बंद असूनही ओल, हिरवट आणि बुळबुळीत. डावीकडचा गालिचा कोरडा, उजवीकडचा, सासूबाईंच्या पायाखालचा, चिंब. इतके दिवस तो दोष त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर होता.

म्हणजे हीटरचा कोअर गळत होता आणि गळलेलं कूलंट एसीच्या पाण्यात मिसळून त्याच नळीतून बाहेर जात होतं. फिनिक्समध्ये उन्हाळ्यात प्रत्येक गाडीखाली एसीचं पाणी टपकतं. तिकडे वाकून बघतो कोण? खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची चाचणीही केली. गॅस्केटमधून जळका वायू पाण्यात शिरत असेल तर तो द्रव पिवळा होतो. तो निळाच राहिला. शेजारच्या आजोबांना ही बातमी द्यायला मी स्वतः जाणार आहे.

कोअर बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तूर्त हीटरचे दोन्ही होज एकमेकांना जोडून कोअर वाटेतून वगळला आहे, पाणी कमी होत नाही. तुम्हाला असलं काम आवडणार नाही, ठाऊक आहे. थंडीच्या आत कोअर बदलायचा असं ठरलंय. गळलेलं कूलंट लगेच पुसून टाकलं. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

आईला सांग... म्हणजे सांगा, की सासूबाई ठीक आहेत, फक्त पुढच्या वेळी विमानाने येणार म्हणतात.

तुमची,
मनी

ता. क. जावईबापू सध्या रोज रात्री जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळतात. सुट्या भागांसाठी अशीच आणखी एक गाडी घेऊन ठेवावी, असा विचार आहे. फोन आला की जरा रागवा. माझं ऐकत नाहीत.