तळेगाव चौक ते काळा घोडा

चाकणहून मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या जहांगीर कलादालनाला जायचं तर आधी तळेगाव चौक ओलांडावा लागतो. हे लिहायला सोपं आहे. कोऱ्या मोटारी लादलेला कंटेनर, त्यामागे कांद्याचा टेम्पो, मध्ये कंपनीची बस आणि बस-टेम्पोच्या फटीत एक दुचाकीवाला, ज्याला आपण फार बारीक आहोत असं वाटत असतं. 1660 मध्ये शाइस्ताखानाला चाकणचा संग्रामदुर्ग घ्यायला 56 दिवस लागले, याचं श्रेय इतिहासकार फिरंगोजी नरसाळ्याला देतात आणि ते योग्यच आहे. पण शिफ्ट सुटतानाचा हा चौक पाहिला की खानाचीही थोडी कीव येते. एवढं करून पोचलंच, तर 1952 साली उघडलेल्या जहांगीरला तिकीट नाही. चाकणच्या माणसाला मात्र हा फुकट प्रवेश एका खाड्याला पडतो.

कला सर्वांपर्यंत पोचत नाही कारण ती लोकांना समजत नाही, असं जाणकार सांगतात. मला या कारणाचा संशय आहे, कारण मलाही ती समजत नाही आणि तरी मला आत सोडतात. चित्रापुढे हनुवटीला हात लावून मान जराशी तिरकी केली की भागतं. चाकणच्या पेंट शॉपमध्ये ट्यूबलाइटच्या रांगांखाली गाडीकडे मान तिरकी करून बघणारा कामगार मात्र रंगातला मोहरीपेक्षा बारीक दाणा खरोखर शोधत असतो. दोघांत तयार नजर कोणाची, हे मी सांगत बसत नाही. गोडीच नाही म्हणावं, तर गणपतीत हीच माणसं पोराला खांद्यावर घेऊन मध्यरात्रीपर्यंत देखाव्यांच्या रांगेत उभी असतात. देखावा ही करमणूक, कला वेगळी, असंही कोणी म्हणेल. असेल, पण देखावा गल्लीत येतो आणि कामावरून सुटल्यावरही उघडा असतो, हा फरक आधी मिटवू, मग उरलेल्यावर भांडू.

ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेले सुधीर पटवर्धन आयुष्यभर कामगार आणि उपनगरं रंगवत आले. 2019 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन काळ्या घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलं, म्हणजे चित्रातला कामगार तिथवर पोचला. ज्याच्यासारखा तो दिसतो, तो अजून बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेला असतो, डबा मांडीवर, झाकण एका हाताने दाबून धरलेलं. हे पटवर्धनांनाही आधीच दिसलं असावं. 2008-09 मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवलं. तशीच चित्रं चाकणला आणावीत म्हटलं, तर धुळीने ती खराब होतील, ही हरकत खरी आहे. पण 2012 मध्ये कोचीची बिनाले समुद्राकाठच्या जुन्या गोदामांत भरली, आणि खारी हवा काही चाकणच्या धुळीहून सोवळी नसते. शेड तर इथे हवी तेवढी आहे. अडचण एकच: मुंबईहून चित्रं आणणारा ट्रक तळेगाव चौकातूनच येणार. अडकला, तर मागची ताडपत्री तेवढी वर करावी. प्रेक्षक भरपूर आहेत आणि कोणालाच कुठे जाता येत नाही.